झूल की घोंगडी?

पाऊस संपून हवेत थोडा गारवा आला, की मुंबई-पुण्याच्या दुकानांतून कुत्र्यांचे कपडे टांगले जाऊ लागतात. जरीची किनार लावलेला सदरा, पाठीवर पंख शिवलेले जाकीट, कानांसाठी दोन भोके ठेवलेली कुंची, पोलिसाच्या गणवेशासारखा कोट. आणि त्याच रांगेत, त्याच खिळ्याला, 'थंडी-पावसासाठी' अशी चिठ्ठी लावलेले एक जाडजूड वस्त्र. हे दृश्य पाहून आपल्या समाजाचे ताबडतोब दोन तट पडतात. एक तट खिशात हात घालतो, दुसरा कपाळाला हात लावतो. पहिला म्हणतो, 'किती गोड दिसेल आमचा!' दुसरा म्हणतो, 'कलियुग, दुसरे काय!' या दोन्ही तटांशी माझे भांडण आहे. विषय कपड्याचा दिसतो. पण मुक्या जिवाची गरज ओळखण्याची आपली दानत शिल्लक आहे की नाही, हा खरा वाद आहे.

प्रथम हसणाऱ्यांचा समाचार घेऊ; कारण ते स्वतःला शहाणे समजतात, आणि शहाण्यांची चूक अधिक दिवस टिकते.

त्यांचे पहिले म्हणणे असे की, देवाने कुत्र्याला केसांचा कोट दिलेलाच आहे. त्यावर दुसरा कोट चढवणारे आपण कोण? ऐकायला हे मोठे सात्त्विक वाटते. पण ज्या कुत्र्याविषयी हे बोलले जाते, ते देवापेक्षा माणसाने अधिक घडवलेले आहे. सायबेरियात बर्फावरची गाडी ओढण्यासाठी वाढवलेल्या हस्कीच्या अंगावर केसांचे दोन पदर असतात : आत मऊ, दाट लव आणि वर लांब, राठ केस. लॅब्रॅडॉरचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात न्यूफाउंडलंडच्या गार पाण्यात कोळ्यांबरोबर राबत असत. त्याच्याही अंगावर दोन पदर आहेत, आणि केसांत तेलकट अंश असल्यामुळे पाणी कातडीपर्यंत सहजी पोचत नाही. आता यांच्या शेजारी आपल्या मराठवाड्यातला कारवानी उभा करा. सशामागे धावण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या निवडलेले ते शरीर : बरगड्या मोजून घ्याव्यात, चरबी नावाला, कातडी पातळ, केस मखमलीसारखे आखूड. वेग मिळावा म्हणून माणसाने त्याच्या अंगावरची ऊब काढून घेतली. मुधोळचे तेच, डॉबरमनचे तेच, जमिनीपासून चार बोटांवर पोट असलेल्या डॅशहंडचेही थोड्याफार फरकाने तेच. ज्याने काढून घेतले, त्यानेच 'देवाने दिले आहे की' असे म्हणावे, ही सात्त्विकता नव्हे, हिशेबातली लबाडी आहे. निफाडच्या बाजूला जानेवारीच्या पहाटे पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो. तेथे ओसरीवर बांधलेल्या कारवान्याला गोणपाट पांघरणारा शेतकरी कलियुगात बिघडलेला नाही. त्याला दिसते आहे ते तुम्हांला दिसत नाही, इतकेच.

आणि जातीचेच कशाला? म्हातारपण सगळ्या जातींना सारखे येते. दहा-बारा वर्षांचे कुत्रे संधिवाताने आखडलेले असते, त्याचे स्नायू झडलेले असतात, आणि ऐन तारुण्यात ज्या थंडीत ते अंगणात लोळत होते, त्याच थंडीत ते आता पाय पोटाशी घेऊन थरथरते. दोन महिन्यांच्या पिलाला अंगातली उष्णता नीट राखता येत नाही. शस्त्रक्रियेसाठी ज्याचे पोट भादरले आहे, ज्याला खरजेने जागोजाग टक्कल पडले आहे, दीर्घ आजाराने ज्याची हाडे वर आली आहेत, त्यांना तुमचा देवाचा कोट दाखवा पाहू!

हसणाऱ्यांचे दुसरे म्हणणे अधिक धारदार असते. 'पदपथावर माणसे कुडकुडत आहेत, आणि तुम्ही कुत्र्यांना कोट घालता?' प्रश्न बिनतोड आहे असे विचारणाऱ्याला वाटते, आणि उत्तराची वाट न पाहता तो रजईत शिरतो. करुणा म्हणजे रेशनच्या दुकानातली साखर नव्हे, की एकाला पावशेर दिली तर दुसऱ्याचे माप घटावे. ज्या घरातून डिसेंबरात कुत्र्याच्या पाठीवर जुना स्वेटर जातो, त्याच घरातून रात्रपाळीच्या पहारेकऱ्याला जुनी शाल गेलेली आपण पाहतो. आणि जेथे कुत्र्याला काही मिळत नाही, तेथे बहुधा पहारेकऱ्यालाही काही मिळत नाही. या आक्षेपातला खरा अंश एवढाच की, कुत्र्याच्या उबेसाठी हजारो रुपये खर्चावे लागत नाहीत, आणि जो खर्चतो तो बहुधा उबेसाठी खर्चत नाही. तो अंश मला पूर्ण मान्य आहे. किंबहुना या लेखाचा पुढचा भाग त्यासाठीच आहे.

तत्पूर्वी एक स्मरण. नामदेवांची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत : कुत्र्याने पोळी पळवली, आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, की कोरडी पोळी खाऊ नकोस. या कथेचा आपण भक्तिपर अर्थ सांगतो, आणि तो खराच आहे. पण तिच्यात एक साधा व्यवहारही आहे. त्या कुत्र्याला त्या क्षणी काय कमी आहे, हे नामदेवांनी पाहिले, आणि तेवढेच घेऊन ते धावले. ते तूप घेऊन धावले. मुंडासे घेऊन धावले नाहीत. दत्ताच्या पायाशी चार कुत्री बसवणाऱ्या आणि खंडोबाच्या वारीत स्वतःला वाघ्या म्हणवून घेणाऱ्या महाराष्ट्राला कुत्र्याची सेवा ही विलायती खूळ वाटू नये. विलायती खूळ दुसरेच आहे, आणि आता त्याकडे वळतो.

हा दुसरा तट प्रेमळ आहे, यात शंका नाही. त्याच्या घरात कुत्र्याला पलंग असतो, वाढदिवस असतो, छायाचित्रांचा संग्रह असतो. दुकानात शिरल्यावर हा प्रेमळ मनुष्य काय करतो, ते मात्र नीट पाहावे. तो रंग पाहतो. आपल्या कुर्त्याला जुळेल असा सदरा शोधतो. कोट कुत्र्याच्या अंगावर चढला, की दोन पावले मागे सरून मान तिरकी करतो. या सगळ्या व्यवहारात ज्याला तो कोट घालायचा आहे त्याची भूमिका लाकडी पुतळ्याची असते. कुत्र्याला आरशाचे सुख नाही. आपण राजपुत्रासारखे दिसतो की विदूषकासारखे, हे त्याला कधीच कळणार नाही. त्याला एवढेच कळणार की, काखेत काहीतरी रुतते आहे, कान दाबले गेले आहेत आणि अंग तापते आहे. 'बघा कसा शांत उभा राहिला, आवडला त्याला!' असे मालक कौतुकाने सांगतो. अहो, तो शांत नाही, तो थिजला आहे! अंगावर अपरिचित वस्तू आवळली गेली की पुष्कळ कुत्री जागच्या जागी खिळतात, मान खाली घालतात, ओठ चाटतात, डोळ्यांच्या कडांतून पाहतात. ही त्याची तक्रार करण्याची रीत आहे. आणि आपण तिला संमती समजून पैसे मोजतो.

कुत्र्याच्या शरीराचा एक नियम या प्रेमळांनी पाठ करावा. माणसाला घाम येतो आणि अंगभर वारा लागून तो निवतो. कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ केवळ पंजांच्या तळव्यांना; बाकी सगळी उष्णता त्याला जीभ बाहेर काढून, धापा टाकून घालवावी लागते. त्याच्या शरीराचे नेहमीचे तापमान आपल्यापेक्षा जास्त, ३८ ते ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. मुंबईत जानेवारीच्या रात्रीही पारा पंधरा अंशांखाली क्वचितच जातो. अशा हवेत दुपदरी केसांच्या लॅब्रॅडॉरला अस्तराचे जाकीट घालणे म्हणजे मे महिन्यात आजोबांना बंद गळ्याचा कोट घालून दारे लावून घेणे होय. पग किंवा बुलडॉग यांसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर धाप टाकणेही धड साधत नाही. त्यांच्या बाबतीत ही हौस थेट जिवावर बेतू शकते.

याच घरांतून दुसरा एक चमत्कार चालतो. मार्च उजाडला, की 'त्याला उकडते' म्हणून त्याच लॅब्रॅडॉरचे किंवा हस्कीचे केस मुळापासून भादरून घेतात. वस्तुतः दुपदरी केसांमुळे थंडी जशी बाहेर राहते, तसेच ऊनही थेट कातडीला भिडत नाही. ते केस विंचरून मोकळे करावेत, गळणारी लव काढून टाकावी, भादरू नयेत. पण आपण भादरतो. मग नोव्हेंबरात केस पुरते वाढलेले नसतात, कुत्रे उघडे पडते, आणि आपण कोट घ्यायला निघतो. मार्चमध्ये अंगचा कोट मजुरी देऊन काढायचा आणि नोव्हेंबरमध्ये दुकानाचा कोट किंमत देऊन घालायचा, या उद्योगात कुत्र्याखेरीज सर्वांचे पोट भरते.

आता त्या जाडजूड वस्त्राकडे येऊ, ज्यावर 'थंडी-पावसासाठी' असे लिहिलेले असते. माझी मुख्य तक्रार याच चिठ्ठीशी आहे. जरीच्या सदऱ्याने कोणी फारसे फसत नाही. ती हौस आहे हे घेणाऱ्यालाही ठाऊक असते. फसवणूक होते ती या चिठ्ठीने, कारण ऊब आणि कोरडेपणा ही दोन निराळी कामे आहेत, आणि ती बहुतेक वेळा एकमेकांच्या विरुद्ध जातात.

ऊब कापडात नसते. ऊब असते ती कापडाच्या, लोकरीच्या किंवा केसांच्या पोकळीत अडकून राहिलेल्या हवेत. ही हवा हलली नाही, की शरीराची उष्णता शरीरापाशी राहते. त्या पोकळीत पाणी शिरले, की हवा हुसकली जाते. आणि पाणी हवेच्या सुमारे २५ पट सहजतेने उष्णता वाहून नेते. म्हणून भिजलेला सुती कोट हा कोट नसण्यापेक्षा वाईट. तो पाठीवर ठेवलेल्या ओल्या पंचासारखा अंगातली ऊब तासन्‌तास शोषत राहतो. उलट, पाणी मुळीच आत येऊ नये म्हणून प्लास्टिकचा कोट घातला, तर आतला दमटपणाही बाहेर जात नाही. जुलैमध्ये कोकणपट्टीवर हवेतच ऐंशी टक्क्यांहून अधिक ओलावा असतो. अशा हवेत प्लास्टिकखाली कोंडलेली कातडी उबते, तिला बुरशी धरते, केसांखाली लाल, ओलसर चट्टे उठतात आणि कुत्रे चावून चावून त्यांची जखम करते.

आमच्या अडाणी समजल्या गेलेल्या पूर्वजांना हा भेद चांगला ठाऊक होता. कोकणातली बाई भातलावणीला वाकली, की तिच्या पाठीवर बांबूच्या कामट्यांचे आणि पानांचे इरले असे. इरले पाणी परतवते, पण अंगाला चिकटत नाही. खालून वारा खेळता राहतो. देशावरच्या धनगराच्या खांद्यावर घोंगडी असे. दख्खनी मेंढीच्या जाडभरड्या लोकरीत गुण असा, की ती आपल्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश ओलावा पिऊनही ऊब सोडत नाही. एक वस्तू कोरडे ठेवण्यासाठी, एक ऊब देण्यासाठी. आणि तिसरी एक वस्तू होती : पोळ्याची झूल. आरसे लावलेली, गोंडे लावलेली. ती बैलाच्या पाठीवर एक दिवस चढे, मिरवणूक संपली की उतरे, आणि पेटीत जाई. थंडीत बैलाला झूल पांघरण्याचा मूर्खपणा कोणत्याही कुणब्याने केला नाही; थंडीला गोणपाट होते. त्याला तिन्ही वस्तू वेगळ्या ठाऊक होत्या. आजचा बाजार झूल विकतो, तिला घोंगडी म्हणतो, आणि वर इरल्याचे पैसे घेतो.

पावसाच्या कोटाविषयी आणखी एक गोष्ट, जी दुकानदार कधीही सांगणार नाही. भिजलेले कुत्रे अंग झाडते, ते उगाच आपल्या भिंती खराब करण्यासाठी नव्हे. अमेरिकेतील जॉर्जिया टेक या संस्थेतील संशोधकांनी २०१२ साली प्राण्यांच्या या अंग झाडण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. मोठे कुत्रे सेकंदाला चार-पाच वेळा या वेगाने अंग घुसळते, सैल कातडीमुळे त्या झटक्याला जोर येतो, आणि थोड्याच सेकंदांत केसांतले बहुतेक पाणी उडून जाते. निसर्गाने दिलेले याहून चांगले यंत्र आपल्यापाशी नाही. आवळ कोट घातला, की हे यंत्र बंद पडते. गळ्यातून आणि शिवणींतून आत झिरपलेले पाणी मग आतच राहते. म्हणून पावसाचा कोट फिरायला जाण्यापुरता. दारात आल्याबरोबर तो उतरवावा, कुत्र्याला मनसोक्त अंग झाडू द्यावे आणि मग कोरड्या पंचाने पोट, काखा आणि बोटांच्या बेचक्या पुसाव्यात. जो मालक घरी येऊन कोट तसाच ठेवतो, त्याने कोट घेतला नसता तर कुत्र्याचे अधिक भले झाले असते.

आणि पावसात कोट म्हणजे सर्वस्व नव्हे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि त्यानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसने किती माणसे दगावली, हे आपण विसरलेलो नाही. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून येणारा हा रोग कुत्र्यालाही होतो, आणि तो पाठीतून नव्हे, पायांच्या चिरांतून आणि तोंडातून शिरतो. पाठीवर भारी किमतीचा पावसाळी कोट आणि पाय तुंबलेल्या पाण्यात, अशी वरात मी पावसाळ्यात रोज पाहतो. त्या कोटाच्या किमतीत पशुवैद्याकडून लस टोचून झाली असती.

'मग आम्ही कोट घ्यावा तरी कोणता?' असे कोणी विचारील, आणि केवळ झोडपून पळ काढणाऱ्यांतला मी नसल्यामुळे उत्तर देणे भाग आहे.

दुकानात जाण्यापूर्वी कुत्र्याकडे पाहावे. त्याचे केस आखूड आहेत का, ते म्हातारे, रोड किंवा आजारी आहे का, आपल्या गावी खरोखर थंडी पडते का? ते थरथरते का, पाय पोटाशी घेते का, बाहेर पडताच परत दाराकडे वळते का? या सर्वांची उत्तरे 'नाही' असतील, तर पैसे खिशात राहू द्यावेत. 'होय' असतील, तर शिवणकामाची टेप काढावी. गळपट्टा बसतो तेथून शेपटीच्या मुळापर्यंत लांबी, पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा सर्वांत मोठा घेर, आणि मानेचा घेर, अशी तीन मापे घ्यावीत. लहान, मध्यम, मोठा या दुकानी मापांवर विसंबू नये. डॅशहंडची लांबी आणि कारवान्याची छाती कोणत्याही तयार मापात बसत नाही. कोट घातल्यावर त्याच्या कडेखाली कोठेही दोन बोटे सहज शिरली पाहिजेत. शेपूट मोकळी हवी. नर कुत्र्याच्या पोटाखालचे कापड मागे इतके येऊ नये की ते लघवीने भिजेल. काखेत शिवण येऊ नये. चालताना तेथेच कातडी सोलवटते.

उबेसाठी लोकर किंवा फ्लीस उत्तम. फ्लीस पाणी फारसे पीत नाही आणि लवकर वाळते. सुती कापड घरात ठीक, बाहेर नको. पावसासाठी पातळ, हलका, वरून पाणी ओघळून जाईल आणि खालून वारा जाईल असा कोट. इरल्याचे तत्त्व ध्यानात ठेवावे. लांब केसांच्या कुत्र्याला व्हेल्क्रो नको, केस अडकून ओढले जातात, बक्कल बरे. घुंगरू, मणी, टिकल्या, लोंबती बटणे काहीही नको. कुत्रे ते चघळते आणि गिळते, मग शस्त्रक्रियेचा खर्च कोटाच्या शंभरपट येतो. कुंची तर मुळीच नको. कुत्रे कानांनी ऐकते तसेच बोलतेही. कान मागे, कान ताठ, मानेवरचे केस उभे, ही त्याची भाषा आहे. ती झाकली, की समोरून येणाऱ्या कुत्र्याला त्याचे मन कळत नाही आणि नसती भांडणे जुंपतात. त्याऐवजी पाठीवर प्रकाशात चमकणारी एक पट्टी असू द्यावी. आपल्या रस्त्यांवरचे दिवे आणि आपले वाहनचालक या दोहोंवरही भरवसा ठेवता येत नाही. आणि फिरून आल्यावर कोटाखाली, पुढच्या पायामागे हात घालून पाहावा. तळहाताला दमट, कोंदट लागले तर कोट जास्त झाला. ही परीक्षा फुकट आहे, आणि कोणत्याही चिठ्ठीपेक्षा खरी आहे.

हे सगळे घरच्या जुन्या स्वेटरातही साधते. बाह्या कापून, पोटाकडची बाजू थोडी आखूड करून, कडा शिवून घेतल्या, की म्हाताऱ्या कुत्र्याची थंडी सुखाने निघते. त्यात दुकानदाराला काही मिळत नाही, म्हणून हे कोठे टांगलेले दिसत नाही.

उरला प्रश्न रस्त्यावरच्या कुत्र्यांचा, आणि येथे काही सज्जनांचा रोष मी ओढवून घेणार आहे. थंडीच्या दिवसांत काही दयाळू मंडळी गोणपाटाचे किंवा जुन्या कपड्यांचे कोट शिवून भटक्या कुत्र्यांना घालतात. हेतू निर्मळ आहे. पण तो कोट काढणार कोण? अवकाळी पावसात तो भिजला तर? दुपारी ऊन तापले तर? पिलू वाढले आणि गळ्याशी कापड आवळत गेले तर? तारेच्या कुंपणात अडकला तर? ज्याचा कोट रोज उतरवणारा हात नाही, त्याला कोट घालू नये. त्याला जागा द्यावी : जिन्याखाली, आडोशाला, जमिनीपासून चार बोटे उंच अशी एक फळी किंवा जुने टायर, आणि त्यात कोरडे पोते. ओले झाले की बदलावे. एवढ्यात त्याची रात्र निघते.

पण नेमके हेच आपल्याला जमत नाही. कारण ते पोते सुंदर दिसत नाही. सोसायटीच्या सभेत ठराव होतो, सकाळी झाडूवाला ते उचलून नेतो, आणि ठराव मांडणारे गृहस्थ संध्याकाळी आपल्या कुत्र्याला जरीचा सदरा घालून त्याच जिन्यावरून खाली उतरतात. त्या रात्री अंगणात सुतळी बॉम्ब फुटतात. आपल्या दुपटीहून अधिक उंच स्वर ऐकू शकणारे ते सदऱ्यातले कुत्रे पलंगाखाली शिरून थरथरत राहते, आणि घरातली माणसे म्हणतात, 'थंडी वाजते वाटते त्याला.' नेपाळात तिहारच्या दुसऱ्या दिवशी कुत्र्याच्या कपाळी टिळा लावतात, गळ्यात झेंडूची माळ घालतात, गोडधोड खायला देतात. एक दिवसाचा मान. ती माळ संध्याकाळी उतरते, आणि ती ऊब देते असा दावा तेथे कोणी करीत नाही. शोभा ही शोभा म्हणून केली तर तिच्याशी माझे वैर नाही. सेवेच्या नावाने केलेली शोभा मला सोसत नाही.

रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत मुक्या प्राण्यांसाठी विधेयक मांडले, त्यातूनच पुढे १९६० चा प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा आला. त्या कायद्यात मारू नका, छळू नका एवढेच सांगितलेले नाही. ज्याच्या ताब्यात प्राणी आहे, त्याने त्या प्राण्याच्या हितासाठी वाजवी ते सर्व केले पाहिजे, असे कर्तव्य घातले आहे. हित हा शब्द ध्यानात घ्यावा. हित कशात आहे हे ठरवण्यासाठी प्राण्याकडे पाहावे लागते. दुकानाकडे पाहून ते ठरत नाही, आणि शेजाऱ्यांकडे पाहून तर मुळीच नाही.

तेव्हा हसणाऱ्यांना माझे सांगणे असे : जानेवारीच्या पहाटे एकदा अंगणात या, तुमच्या देवाने कोणाला काय दिले आहे ते उघड्या डोळ्यांनी पाहा, आणि येताना घरातले एक जुने पोते घेऊन या. आणि प्रेमळांना सांगणे असे : दुकानात कोट हाती आला, की तो कुत्र्यासमोर धरण्यापूर्वी स्वतःला विचारा, हा अंधारात, जेथे कोणी पाहणार नाही तेथे, मी याच्या अंगावर घातला असता का? उत्तर 'होय' असेल तर खुशाल घ्या. 'नाही' असेल, तर तो परत खिळ्याला टांगा, आणि घरी जाऊन कुत्र्याचे पाय पुसा.